आमेन लावलेली बातमी

आमच्या चर्चच्या मंडळीतले पुरुष देवाशी मोठ्याने बोलतात आणि एकमेकांशी जवळजवळ बोलतच नाहीत. रविवारी उपासना सुटली की बायका दारापाशी अर्धा तास उभ्या असतात, अख्ख्या आठवड्याचं सुखदुःख त्यांच्यात वाटून होतं. आम्ही गाडीच्या किल्ल्या बोटात फिरवत "काय, बरं ना?" म्हणतो, समोरचा "बरं" म्हणतो, की संपलं. मीही त्यातलाच. चोवीस वर्षांचा असताना अमरावतीत एका माणसाने माझ्या हातात खुरपं दिलं नसतं, तर आजही "बरं" म्हणत हिंडलो असतो.

तो माणूस म्हणजे आमच्या मंडळीतले एक काका. एसटीच्या वर्कशॉपमधून निवृत्त झालेले, बोलायला फटकळ, गाण्यात बेसूर आणि तरीही पहिल्या बाकावर बसून गाणारे. माझे बाबा वारले त्याच्या तिसऱ्या महिन्यात एका शनिवारी सकाळी सहाला ते दारात आले. हातात दोन खुरपी. "चाल," म्हणाले. कुठे ते सांगितलं नाही. आम्ही ख्रिस्ती कब्रस्तानात गेलो. पावसाळा नुकताच संपला होता आणि गाजरगवत कमरेइतकं वाढलं होतं. त्यांनी एक ओळ धरली, मला शेजारची दिली, आणि आम्ही उपटत सुटलो.

त्यांची पद्धत ठरलेली होती. दोघांनी शेजारी शेजारी बसायचं, एकाच दिशेला तोंड करून, समोरासमोर कधीच नाही. "तोंडाकडं पाह्यलं का मानूस खोटं बोलते," असं त्यांचं म्हणणं. ओळ सुरू करताना विचारायचे, "काय चाल्लं?" मी म्हणायचो, बरं चाललंय. मग बराच वेळ नुसतं खसाखस गवत. अर्धी ओळ झाली की विचारायचे, "अन् खरं काय चाल्लं?" उत्तर दिलं तर ऐकून घ्यायचे, नाही दिलं तर उरलेली ओळ. बायबलमधलं वचन त्यांनी मला फार तर महिन्यातून एकदा ऐकवलं असेल. गाजरगवताने माझे हात कोपरापर्यंत खाजायचे आणि मी मनातल्या मनात त्यांना शिव्या घालायचो, पण शनिवारी साडेपाचला आपोआप जाग यायची. असं सहा वर्षं चाललं.

नंतर मला अकोल्याला एका कॉलेजात प्रयोगशाळा सहायकाची नोकरी लागली आणि मी इथल्या मंडळीत आलो. काकांची पद्धत इथे सुरू करायची हे मी बसमध्येच ठरवलं होतं. पंचकमिटीत विषय काढला तेव्हा एक पंच म्हणाले, "बंधू, गवत काढाले मजूर भेटतात." मी म्हटलं, मजूर भेटतात, पण माझ्याशी बोलणारा माणूस भेटत नाही. ते हसले. मी पहिले चार महिने एकटा जात होतो. मग एक निवृत्त पोस्टमन आला, मग त्याचा जावई, असं करत तीन जोड्या झाल्या. प्रत्येक जोडीत एक जुना आणि एक नवा. कमिटीच्या वहीत आमचं नाव 'पुरुषांची आत्मिक संगत' असं पडलं. बाकी सगळे आम्हाला 'गवतवाले' म्हणतात, आणि तेच मला आवडतं.

माझ्या जोडीला आलेला तरुण जुन्या शहरात राहायचा आणि कापसाच्या एका जिनिंगमध्ये इलेक्ट्रिशियन होता. वय तिशीचं. त्याला आणि त्याच्या बायकोला मुलगी झाली होती, ती अकरा दिवस जगली. कब्रस्तानात भिंतीलगत तिची कबर आहे. वर्ष उलटल्यावर तो स्वतःहून आला आणि म्हणाला, "दादा, मलेबी येऊ द्या." चार महिने तो "बरं चाल्लं"च्या पुढे गेला नाही. मी घाई केली नाही. माझ्या बाबतीत काकांनीही केली नव्हती.

पाचव्या महिन्यात, अर्धी ओळ झाल्यावर, तो खुरपं न थांबवता म्हणाला, "दादा, घरी रोज संध्याकाळी मी प्रार्थना म्हनतो. बायको बाजूले बसते डोळे मिटून. पन पोरगी गेल्यापासून माह्या आत काहीच नाही. भिंतीसंग बोलून राहिलो असं वाटते. तिले मालूम नाही. ती माह्या प्रार्थनेवर टिकून हाय. तिले समजलं तं ती बसनच खाली." मग म्हणाला, "हे कोनाले सांगू नका."

मी म्हटलं, "नाही सांगणार." ओळ पूर्ण केली. त्या दिवशी घरी जाताना मला काय वाटत होतं ते आज लिहायला लाज वाटते, पण लिहितो. मला आनंद झाला होता. त्याच्या दुःखाने वाईट वाटलं हेही खरं, पण त्याच्या वर आनंद होता, की माझी पद्धत लागू पडली, एका पुरुषाने माझ्यापाशी मन मोकळं केलं.

दुसऱ्या दिवशी रविवार. उपासनेनंतर पुरुषांची छोटी प्रार्थनासभा असते. तिथे आमचे धर्मगुरू, पाळकसाहेब, विचारतात, "कोणाच्या प्रार्थना-विनंत्या?" मग कोणाचा गुडघा, कोणाच्या मुलीचं लग्न, कोणाची बदली. ज्याने आमच्या मंडळीत आयुष्य काढलंय त्याला ठाऊक आहे की दुसऱ्याची गोष्ट चारचौघांत सांगायची आमच्याकडे एकच राजमान्य रीत आहे. उभं राहायचं, आवाज खाली आणायचा आणि म्हणायचं, "नाव घेत नाही, पण एका भावासाठी प्रार्थना करा." मी उभा राहिलो. आवाज खाली आणला. म्हणालो, नाव घेत नाही, पण आपल्यातला एक भाऊ आपलं मूल गमावल्यापासून प्रार्थना करू शकत नाही, तोंडाने म्हणतो पण आतून कोरडा आहे, घरच्यांनाही माहीत नाही, त्याच्यासाठी आपण प्रार्थनेत भार घेऊ या.

गेल्या दोन वर्षांत आमच्या मंडळीतून कब्रस्तानात एकच छोटी पेटी गेली होती. खोलीतल्या प्रत्येकाला नाव कळलं. तो त्या दिवशी सभेला थांबला नव्हता, बाहेर गाडीपाशी बायकोची वाट बघत होता. चहा संपेपर्यंत गोष्ट महिला मंडळात पोचली. एका बाईने त्याच्या बायकोला जवळ घेऊन सांगितलं की काळजी करू नको, आम्ही त्याच्यासाठी प्रार्थना करतोय. मी पायऱ्यांवरून पाहिलं, ती सरळ त्याच्यापाशी गेली आणि काहीतरी विचारलं. मान वर करून त्याने गर्दीत मला शोधलं, पाहिलं, आणि गाडीला किक मारली. संध्याकाळपर्यंत पुरुषांच्या व्हॉट्सअॅप ग्रुपवर 'त्या भावासाठी' जोडलेल्या हातांची रांग लागली होती.

पुढच्या शनिवारी तो आला नाही. रविवारी दोघंही आले नाहीत. मी फोन केले, उचलले नाहीत. घरी गेलो तर तो दारातच उभा राहिला. आवाज चढवला नाही. "तुमी जा दादा," एवढंच म्हणाला.

मला राग आला, आणि तो स्वतःवर आला असं म्हणालो तर खोटं होईल. मला त्याचा राग आला. मी काय वाईट केलं? नाव घेतलं का? प्रार्थनाच मागितली ना? तीन दिवस मी बायकोपुढे हेच दळण दळत होतो. शेवटी ती म्हणाली, "हे मले काहून सांगता, काकाले जाऊन सांगा." मी अमरावतीची बस धरली.

काका आता ऐंशीचे. गुडघे गेलेत, शनिवार बंद झालेत. अंगणात खाटेवर बसून त्यांनी सगळं ऐकलं. मी सांगत होतो तेही वकिलासारखं, माझी बाजू नीट मांडून. शेवटी म्हणालो, "काका, मी प्रार्थनेसाठीच बोललो."

"नाही," ते म्हणाले. "प्रार्थना तं तू घरी दार लावूनबी करू शकत होता. तू बातमी देल्ली, अन् मांगून तिले आमेन लावलं."

मग ते म्हणाले, "तुह्यं मी कोनाले सांगतलं का?"

माझं म्हणजे काय, ते इथे सांगायला हवं. बाबांनी मला जन्मताच देवाच्या सेवेसाठी वाहिलं होतं. मी पाळक व्हायचं हे घरात ठरलेलं होतं. मी गेलोही शिकायला, आणि सहा महिन्यांत सोडून परत आलो. त्यानंतर दोन वर्षं बाबा माझ्याशी बोलले नाहीत. एका घरात, एका ताटलीतल्या भाकरी खात, एक शब्द नाही. मग ते दवाखान्यात पडले. शेवटच्या दिवशी आईने मला चिठ्ठी देऊन इंजेक्शन आणायला पाठवलं. दुकान समोरच होतं, गर्दी नव्हती, पाच मिनिटांत इंजेक्शन खिशात आलं. परत येताना वॉर्डातला माणूस जिन्यात भेटला आणि म्हणाला, "लवकर जा, तुमचे बाबा तुमाले बोलावून राहिले." मी वर गेलो नाही. मी कँटीनमध्ये जाऊन बसलो. मला वाटलं, दोन वर्षं मी थांबलो, आता थोडं त्यांना थांबू दे. दोन चहा प्यालो. वर गेलो तेव्हा चादर तोंडावर ओढलेली होती. आई येईल त्याला सांगत होती की पोरगा औषधाला गेला होता, म्हणून भेट हुकली. मी ते तसंच राहू दिलं.

हे मी फक्त काकांना सांगितलं होतं, बाबांच्या कबरीपासून चार ओळी पलीकडे, दुसऱ्या वर्षी. त्या दिवशी त्यांनी एवढंच म्हटलं होतं, "ऊन वाढलं, चाल." आणि नंतर सतरा वर्षांत कोणाच्याही तोंडून, नजरेतून, मला ती गोष्ट परत भेटली नाही. म्हणजे ती त्यांच्या पोटातून बाहेर पडली नव्हती. माझ्या पोटात त्या तरुणाची गोष्ट एक रात्रसुद्धा राहिली नाही. अंगणात बसल्या बसल्या मला रडू आलं आणि मी ते थांबवलं नाही.

"आता काय करू?" मी विचारलं.

"ज्याइच्यासमोर बोल्ला त्याइच्यासमोर उभा राह्य अन् चुकलं म्हन. तिथंबी त्याचं नाव घेऊ नको. मंग त्याच्या घरी जाय. दर शनिवारी जाय. नाही म्हनला तं वापस ये."

"किती दिवस?"

"तुले घाई काहून हाय?"

पुढच्या रविवारी विनंत्यांच्या वेळी मी उभा राहिलो. म्हणालो, "मी मागच्या महिन्यात एका माणसाने विश्वासाने सांगितलेली गोष्ट इथे फोडली. ती विनंती नव्हती, मिरवणं होतं. माझं चुकलं." पाळकसाहेब भले माणूस, लगेच म्हणाले, जाऊ द्या, हेतू चांगला होता. मी म्हटलं, हेतूसुद्धा चांगला नव्हता. एक पंच चिडले. "म्हंजे आता आमी विनंत्या सांगाच्याच नाही का?" मी म्हणालो, "आपल्या सांगा." मग आम्ही पुढचं गीत घेतलं.

मग शनिवार सुरू झाले. सकाळी कब्रस्तानात माझी ओळ एकट्याने काढायची, आंघोळ करायची, आणि मोर्णा नदीचा पूल ओलांडून जुन्या शहरात जायचं. पहिल्या शनिवारी त्याच्या बायकोने दार उघडून सांगितलं, ते घरी नाहीत. त्याच्या चपला उंबऱ्यापाशी होत्या. मी म्हटलं, माझं चुकलं हे सांगायला आलो होतो, आणि परत फिरलो. दुसऱ्या शनिवारी तेच, तिसऱ्यालाही तेच. गल्लीतला भाजीवाला मला ओळखायला लागला. एकदा म्हणाला, "काय साहेब, वसुली हाय का?" मी म्हटलं, माफी मागायची आहे. तो म्हणाला, "मंग यावंच लागते," आणि मेथीवर पाणी मारायला लागला. मनात कितीदा आलं की पुरे झालं, माझ्याकडून केलं तेवढं केलं. पण हात झटकायचे नाहीत हे मी ठरवलं होतं, आणि एकदा ठरवलं की मी हेकट आहे. हा गुण बाबांचा.

पाचव्या शनिवारी तिने पाण्याचा ग्लास आणला आणि दारातच उभी राहून बोलली. "मले राग कायचा आला सांगू का, दादा? मलेबी वर्षभर आतून काही होत नव्हतं. मी त्याच्यासाठी डोळे मिटून बसत होती, अन् तो माह्यासाठी म्हनत होता. एक ना एक दिवस आमी एकमेकाले सांगतलं असतं. ते आमचं होतं. तुमी मधात आले, अन् ते मले चहाच्या टेबलापाशी दुसऱ्या बाईकडून भेटलं."

मी ग्लास हातात धरून उभा होतो. तोवर मला वाटत होतं की मी त्याचं गुपित फोडलं. त्या दोघांचं मी नेमकं काय हिरावलं होतं, ते त्या दारात कळलं. "खरं आहे," एवढंच म्हणता आलं.

नवव्या शनिवारी तो स्वतः बाहेर आला. चपला घातल्या आणि म्हणाला, "चला." आम्ही पुलापर्यंत चालत गेलो आणि कठड्याला टेकून शेजारी शेजारी उभे राहिलो. त्याने खाली पाण्याकडे पाहिलं. मग म्हणाला, "तुमी माहं घेतलं अन् वाटून देल्लं. तुमचं माह्यापाशी काय हाय?"

हा प्रश्न त्याने कुठून आणला कोण जाणे. मी त्याला बाबांचं सांगितलं. खिशातलं इंजेक्शन, जिन्यातला माणूस, दोन चहा. सांगताना मला भीती वाटत होती, कारण हा माणूस माझ्यावर रागावलेला होता आणि त्याने ते उद्या चौकात सांगितलं असतं तरी मला तोंड नव्हतं. तरी मी काही गाळलं नाही.

त्याने ऐकून घेतलं. विचारलं, "आईले सांगतलं?"

"नाही."

"मी कोनाले सांगनार नाही," तो म्हणाला. "पन तुमी आईले सांगा. माह्या बायकोले दुसऱ्याकडून समजलं. तुमच्या आईले तुमच्या तोंडून समजू द्या. ते झालं का मले फोन करा." आणि तो घराकडे वळला.

मी त्याला शिकवायला निघालो होतो. त्या पुलावर त्याने मला काकांपेक्षा अवघड काम दिलं, आणि ते टाळायची सोय ठेवली नाही. दुसऱ्याच दिवशी, उपासना बुडवून, मी अमरावतीला गेलो.

आई दुपारी तुरीची डाळ निवडत बसली होती. मी तिच्या शेजारी बसलो, ताट मध्ये ओढलं आणि निवडता निवडता सगळं सांगितलं. तिचे हात थांबले. तिने पहिला प्रश्न विचारला तो मला कधी सुचलाच नव्हता. "म्हंजे मी पाठवलं म्हनून उशीर नाही झाला?"

"नाही, आई. मी खालीच होतो."

"अठरा वर्ष," ती म्हणाली. "अठरा वर्ष मी म्हनून राहिली, काहून पाठवलं मी पोराले. बापलेकाची भेट माह्यापायी गेली. रोज रात्री देवाले माफी मागतली मी त्याची."

मला वाटत होतं माझं पाप माझ्याच पोटात आहे, कोणाला त्रास नाही. ते सगळा वेळ तिच्या उशाशी होतं. मी तिचे पाय धरले, तिने सोडवून घेतले. संध्याकाळी जेवायला वाढलं. निघताना दारात म्हणाली, "पुढच्या रविवारी ये. दोघं जाऊ तुह्या बापाकडं." तिच्या आवाजात राग होता. तो तिचा हक्क होता, आणि मी रविवारी गेलो.

त्याच संध्याकाळी, बसस्टँडवर जाताना, आईला सांगितल्याचं मी काकांनाही सांगितलं. त्यांनी मला खाटेवर शेजारी बसवलं. म्हणाले, "हे मी तुले तवाच म्हनाले पायजे होतं, आईले सांग म्हनून. मले वाटलं, पोटात ठेवलं म्हंजे झालं. तिथं माहं चुकलं." ऐंशीव्या वर्षी त्यांनी माझ्यासमोर चूक कबूल केली, आणि मला त्यांच्याबद्दल पूर्वीपेक्षा जास्त माया वाटली.

बसस्टँडवरून मी त्या तरुणाला फोन केला. त्याने पहिल्या रिंगला उचलला. "सांगतलं," मी म्हणालो. "बरं," तो म्हणाला. शनिवारी तो आला. बायकोही आली, आमच्या ओळीत नाही, भिंतीकडे, मुलीच्या कबरीपाशी. त्या सकाळी त्याने सांगितलं की आता घरी तो प्रार्थना म्हणत नाही. कधी ती म्हणते, कधी दोघं नुसते बसतात. ते कधी बदलेल का, मी विचारत नाही.

हे सगळं लिहून काढल्यावर मी कागद आधी त्यांच्या घरी नेऊन दिले. म्हटलं, तुम्ही नको म्हणाल तर फाडून टाकतो. आठ दिवस ठेवून त्यांनी परत केले. हे छापायला दोघांची हरकत नव्हती, फक्त दोन ओळी पेनाने खोडल्या होत्या. पाळकसाहेबांनी विचारलं, काय होतं हो त्या दोन ओळींत? मी गाडीच्या किल्ल्या बोटात फिरवत म्हटलं, काय, बरं ना?